डिस्ने वर्ल्डसाठी लग्नाचा साधा ड्रेस: सुती की शिफॉनचा?

फ्लोरिडातील वॉल्ट डिस्ने वर्ल्डच्या थीम पार्कमध्ये जमिनीवर लोळणारा पोशाख, मग तो लग्नाचा गाऊन का असेना, चालत नाही. त्यामुळे निवड उरते ती पोटरीपर्यंतचा सुती ड्रेस आणि घोट्यापर्यंतचा शिफॉनचा ड्रेस यांच्यातच. शिफॉन फोटोत सुरेख झुळझुळतो आणि प्रवासात फारसा चुरगळत नाही, हे खरे; परंतु ऑरलँडोच्या दमट उन्हाळ्यात, दुपारची सर येऊन गेल्यावर, तो ओल्या पायांना चिकटतो आणि राइडमध्ये चढता-उतरताना एका हाताने सावरावाच लागतो. सुती ड्रेस घाम टिपतो, त्याला खिसेही शिवून घेता येतात. मात्र पांढरे सुती कापड भिजले की पारदर्शक दिसते, म्हणून अस्तर हवेच. मी सुतीच घेईन. जानेवारीतल्या गारव्यात मात्र शिफॉनचा विचार जरूर करावा.