टाटा 1612 आणि तिचं 697 इंजिन: चौदा महिन्यांनंतर

ही सोळा टनी जुनी ट्रक-गाडी दाखवताना विकणारा सांगत होता, "इंजिन कमिन्सचं आहे, डोळे झाकून घ्या." मी केबिनमध्ये वाकून आधी टॅपेट कव्हर, म्हणजे व्हॉल्व्हवरचं झाकण बघितलं. एकच लांब कव्हर. कमिन्सच्या 6बीटीवर दर सिलिंडरला वेगळं, अशी सहा छोटी कव्हरं रांगेत असतात. हे ओळखायला मिस्त्री लागत नाही. मग डिझेलमध्ये बुडवलेल्या चिंधीने ब्लॉकवरचा मेणचटपणा पुसला, नंबर दिसायला लागला, आणि त्याची सुरुवातच 697 अशी. आरसीवर सीसी 5675. कमिन्स असतं तर 5883 असतं.

माणूस खोटं बोलत नव्हता, त्याला खरंच माहीत नव्हतं. आणि आधीच्या काही वर्षांत या इंजिनाने जे भोगलं त्यातलं निम्मं या माहीत नसण्यापायी होतं, हे मला पुढे एकेक नट खोलताना कळत गेलं.

697 म्हणजे काय, तर सहा सिलिंडर आणि 97 मिलिमीटरचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास. नावातच सगळं आहे. त्याच्या आधीचं, जुन्या 1210 मध्ये यायचं ते 692, म्हणजे बोअर 92. त्याचा स्ट्रोकही (पिस्टनची धाव) 120 आणि याचा 128. चार सिलिंडरचं 497 याचंच धाकटं भावंड. टेल्को (आजची टाटा मोटर्स) आणि मर्सिडीजवाली डेमलर-बेंझ यांचा करार 1954 ते 1969 असा होता. करार संपला तरी घराण्याची ठेवण राहिली. मर्सिडीजच्या ओएम 352 चा बोअर-स्ट्रोक आणि याचा अगदी एकच. स्पेअरच्या दुकानात नुसतं "टाटाच्या सोळा टनाला रिंगा द्या" म्हणून उभं राहिलात तर जे हाताला लागेल ते मिळेल. टर्बोवालं 697 टीसी, बिनटर्बोचं 697 आणि कमिन्स, तिन्ही सोळा टनांच्या गाड्यांत फिरतात. इंजिन नंबरचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा आणि तोच दाखवा. तो नंबर आरसीशी जुळतो का, हे मात्र पैसे देण्याआधी बघा. मागच्याने इंजिन बदलून आरटीओत नोंद केली नसेल तर फिटनेसच्या वेळी दुखणं तुमच्या गळ्यात.

माझं काम हंगामात उसाचं, शिरोळ-सांगली पट्ट्यात, आणि हंगाम संपला की कराडहून कुंभार्ली घाटाने चिपळूणकडे जे मिळेल ते भाडं.

पहिल्याच आठवड्यात टकटक डोक्यात जायला लागली. गार असताना जास्त, आणि चढाला पिकअप मेलेला. तिघांनी तीन निदानं केली. एकाने तर थेट हाफ इंजिन, म्हणजे अर्धं इंजिन खोलून दुरुस्ती सांगितली. मी रविवारी कव्हर काढून फिलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पट्ट्या घातल्या. एक्झॉस्टला 0.50 मिलिमीटरची पट्टी सहज आत. इनटेकला 0.25. म्हणजे कुणीतरी टॅपेटं (व्हॉल्व्हवरची फट) कमिन्सच्या मापाने 697 ला लावून ठेवलेली! याला गार इंजिनावर इनटेक 0.20 आणि एक्झॉस्ट 0.30 पाहिजे.

टॅपेट लावणं अवघड नाही, कंटाळवाणं आहे. फायरिंग ऑर्डर 1-5-3-6-2-4. जोड्या पडतात 1-6, 5-2, 3-4. इंजिन हाताने फिरवत राहायचं. सहाव्याचे दोन्ही व्हॉल्व्ह डोलायला लागले, म्हणजे एक मिटतोय आणि दुसरा उघडतोय, की पहिल्याची टॅपेटं लावायची. दुसऱ्याचे डोलले की पाचव्याची. असं ऑर्डरने पुढे. पट्टी ओढताना लोण्यातून सुरी काढल्यासारखी नाही, जरा धरून धरून यायला हवी. लॉकनट आवळताना स्क्रू थोडा फिरतोच, म्हणून आवळल्यावर पुन्हा पट्टी घालून बघायची. ही शेवटची पायरी गॅरेजवाले घाईत खातात. माझे अडीच तास गेले, कव्हरचं पॅकिंग नवं घातलं, आणि सोमवारी गाडी मुकाट्याने चढली. हाफ इंजिन सांगणाऱ्याकडे मी अजून चहाला जातो, विषय काढत नाही.

दुसरं दुखणं एअरचं, डिझेलच्या लाईनीत हवा शिरण्याचं. रात्रभर उभी राहिली की सकाळी सेल्फ मारून बॅटरी बसायची, आणि फीड पंपाचा (टाकीतून डिझेल ओढणारा पंप) हँड प्रायमर, म्हणजे हाताने दाबायचा दट्ट्या, पन्नासदा दाबल्यावर जीव यायचा. डिझेल तर कुठेच टपकत नव्हतं. खरी फसगत तिथेच होते: टाकीपासून फीड पंपापर्यंतची लाईन ओढीची असते, तिथून डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. मी फीड पंपाआधी हातभर पारदर्शक नळी जोडली. इंजिन चालू केल्यावर तिच्यातून बारीक बुडबुड्यांची माळ पळताना दिसली. मागे मागे जात शेवटी सापडला तो जोडावरचा तांब्याचा जुना वॉशर, आवळून आवळून कडक झालेला. नवा जवळ नव्हता. तोच गॅसवर लालबुंद करून पाण्यात टाकला. लोखंड असं केलं तर कडक होतं, तांबं मऊ पडतं. तो वॉशर अजून तिथेच आहे.

थर्मोस्टॅट मागच्या मालकाने काढून टाकलेला. "गाडी गरम होत नाही मग" हे वाक्य आपल्याकडे प्रत्येक गॅरेजात ऐकायला मिळतं. माझा अनुभव उलटा. सपाटीला काटा वरच येत नव्हता, थंड इंजिन डिझेल जास्त पीत होतं, आणि भरलेली गाडी घाटात गेली की तरीही तापायची. थर्मोस्टॅट बसवला, रेडिएटर खोलून घेतला. आतून विहिरीच्या पाण्याची पांढरी खपली निघाली, तवा खरवडावा तशी. आता कूलंट घालतो.

तक्रार एकच मोठी, आणि ती इंजिनाबद्दल नाही. सहाव्या महिन्यात धूर वाटला म्हणून नोझल (सिलिंडरात डिझेल फवारणाऱ्या) आणि त्यांना डिझेल देणारा बोश पंप कॅलिब्रेशनला, म्हणजे माप जुळवायला दिला. त्याआधी घरीच एकेका नोझलच्या पाईपचा नट जरा सैल करून बघितलं होतं. बाकी पाचांना आवाज पडायचा, चौथ्याला काहीच फरक नाही, म्हणजे तो सिलिंडर नीट काम करत नव्हता. दुकानदाराला हे सांगितलं. त्याने चौथी नोझल बदलली, आणि वर न विचारता डिझेल वाढवून दिलं. "पिकअप बघा मालक आता!" पिकअप आला खरा, पण मागे कोळशाच्या भट्टीसारखा काळा धूर. बिनटर्बोच्या इंजिनात हवा आहे तेवढीच जाते. डिझेल वाढवलं तर ते जळणार कशाने? भरलेल्या गाडीचं ॲव्हरेज साडेचारवरून चारच्या खाली आलं. पंप पुन्हा उतरवून दुसरीकडे मूळ मापावर आणला, मजुरी दोनदा गेली. पंपाला देताना नुसतं "धूर येतोय" म्हणू नका. इंजिन नंबर लिहून द्या, टर्बो नाही हे लिहून द्या.

एअर क्लीनर ऑईल बाथचा आहे, म्हणजे धूळ वाटीतल्या ऑईलमध्ये अडकते. उसाच्या रानातल्या धुळीत दर आठवड्याला वाटी उघडतो. तळाला चिखल बसलेला असतो. वाटीत खुणेच्या वर ऑईल ओतलं तर इंजिन ते ओढून घेतं, तेव्हा हात आखडता. इंजिन ऑईल 15डब्ल्यू40, आठ हजार किलोमीटरला फिल्टरसकट. डिपस्टिकवर पातळी उतरलेली चालेल, वाढलेली नाही. वाढली तर वास घ्या, डिझेल किंवा पाणी आत जातंय.

घ्यावं का? स्वतः स्पॅनर धरणार असाल तर हो. सेन्सर नाही, ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) नाही, आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरात बोअरपासून क्रँक ग्राईंडिंगपर्यंत सगळं एका हद्दीत होतं. गाडी ड्रायव्हरच्या हातात देऊन घरी बसायचं असेल, किंवा रोज लांबचा हायवे असेल, तर यात पडू नका. केबिनमध्ये गरम होतं, आवाजाने दोन दिवस कान वाजतात, आणि आठ वर्षांपुढच्या गाडीला दरवर्षी फिटनेस काढावं लागतं.

सध्या क्रँकच्या मागच्या सीलमधून ऑईल गळतंय. रात्रभरात टोपणभर, खाली ठेवलेल्या बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात मोजतो. त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागणार, म्हणजे क्लचही तेव्हाच. हंगाम मार्चपर्यंत आहे, तोवर डबा आहेच.