पायथन-डेबियन लायब्ररी: पावसाळ्यापासून वापरतोय, त्याचा अनुभव

सांगली, मिरज आणि तासगाव पट्ट्यातल्या काही पतसंस्था, बेदाण्याची कोल्ड स्टोरेज आणि क्लासेसची लिनक्स मशीन माझ्याकडे असतात. बहुतेकांवर डेबियन १२. कुठल्या मशीनवर कोणतं पॅकेज कोणत्या व्हर्जनचं आहे, ते एका शीटमध्ये हवं होतं. त्यासाठी गेल्या पावसाळ्यापासून पायथन-डेबियन वापरतोय, म्हणजे डेबियनच्या पॅकेजांच्या फायली वाचणारी पायथनची लायब्ररी.

डेबियन आपल्या सगळ्या पॅकेजांची नोंद 'स्टेटस' नावाच्या साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ठेवतं. तासगावच्या एका कोल्ड स्टोरेजमधल्या मशीनला मुद्दामच नेट दिलेलं नाही. तिथनं ही एक फाइल पेनड्राइव्हवर घ्यायची, बाकी सगळं घरी.

फाइल उघडली की कुणालाही वाटतं, कोलनवर ओळ तोडली की काम झालं. पण पॅकेजचं वर्णन अनेक ओळींचं असतं, पुढच्या ओळी स्पेसनं सुरू होतात आणि रिकाम्या ओळीच्या जागी एकटा टिंब येतो. ही भानगड लायब्ररी निस्तरते. काढून टाकलेल्या पॅकेजचं मात्र तसं नाही. त्याच्या कॉन्फिग फायली मागे राहिल्या असतील तर ते यादीत दिसतच राहतं, आणि स्टेटसचं फील्ड बघून ते गाळायचं काम आपलंच.

पण मी हिच्यावर खूश आहे ते व्हर्जनच्या तुलनेमुळं. एका पतसंस्थेत ऑडिटवाल्यांनी रिपोर्टमध्ये ओढलं: ओपनएसएसएच (दुरून मशीनवर सुरक्षित लॉगिन करायचं सॉफ्टवेअर) ९.२ जुनं, ९.८ टाका. जुलै २०२४ मध्ये जी गंभीर त्रुटी जाहीर झाली, तिचं मूळ दुरुस्त व्हर्जन ९.८पी१ हे खरं. पण डेबियन स्टेबलमध्ये आकडा पुढं नेत नाहीत, तेवढी दुरुस्ती जुन्यातच बसवतात. डेबियन १२ मध्ये ती '१:९.२पी१-२+डेब१२यू३' मध्ये आली. म्हणजे बघायचं ते शेपटाकडं. लायब्ररीतला व्हर्जन क्लास यू२ ला यू३ च्या खाली धरतो आणि यू१० ला यू९ च्या वर. नुसत्या स्ट्रिंग तुलनेत हे दुसरं उलटं येतं. सुरुवातीचा '१:' सगळ्यात आधी तपासला जातो, आणि टिल्ड (~) असलेलं '२.०~आरसी१' हे '२.०' च्या मागं जातं. ही शीट पुढं ठेवल्यावर ऑडिटच्या साहेबांनी तो मुद्दा मागं घेतला, जरा नाराजीनंच.

तरी डोळे मिटून भरवसा ठेवू नका. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड युटिल्स या फायली कॉम्प्रेस करायच्या सॉफ्टवेअरच्या ५.६.० आणि ५.६.१ मध्ये बॅकडोअर (मुद्दाम ठेवलेली चोरवाट) सापडलं, तेव्हा डेबियननं '५.६.१+रिअली५.४.५-१' असं व्हर्जन काढलं. आकडा पुढचा, आतला माल जुना. लायब्ररी क्रम बरोबर लावते, पण 'रिअली' म्हणजे काय ते तिला कळत नाही.

आणखी एक कामाची गोष्ट. सुरक्षेच्या सूचना सोर्स पॅकेजच्या, म्हणजे मूळ कोडच्या पॅकेजच्या नावानं येतात आणि मशीनवर असतं त्यातून बनलेलं बायनरी. दोन्हींचं नाव आणि व्हर्जन एकच असलं तर सोर्सचं फील्ड फाइलमध्ये नसतंच. नव्या आवृत्तीत सोर्स थेट विचारता येतो, ते फार सोयीचं.

डिपेंडन्सीचं (एका पॅकेजला लागणाऱ्या इतर पॅकेजांचं) आउटपुट मात्र डब्यात डबा. 'डीफॉल्ट-एमटीए | मेल-ट्रान्सपोर्ट-एजंट' यातला 'किंवा' आतल्या लिस्टमध्ये, स्वल्पविरामाचा 'आणि' बाहेरच्या लिस्टमध्ये, आणि त्याच्या आत पुन्हा डिक्शनरी. डॉक्युमेंटेशन वाचून हे उमजत नाही, प्रिंट करून बघावं लागतं.

वेगाचं म्हणाल तर, एका मशीनच्या फाइलला काही जाणवत नाही. अख्ख्या आर्काइव्हची, म्हणजे डेबियनच्या सगळ्या पॅकेजांच्या साठ्याची पॅकेजेस फाइल वाचायची असेल तर पायथन-एपीटी ही दुसरी लायब्ररी सोबत टाका. ते असलं की लायब्ररी आपणहून तेच वापरते. नसलं तर निव्वळ पायथनवर चालते, चहा होईपर्यंत.

मिरजेतल्या एका मशीनवर फेडोरा हे वेगळं लिनक्स आहे. तिथली नोंद एसक्यूलाइटच्या डेटाबेसमध्ये असते, त्यामुळं हिचा तिथं काही उपयोग नाही. त्या मशीनचा आरपीएमचा (फेडोराच्या पॅकेज व्यवस्थेचा) आउटपुट वेगळ्या स्क्रिप्टनं शीटमध्ये टाकतो.