मॉन्डीची चिल्लर की ज्युबिलीचा क्राउन?

ब्रिटिश राजघराण्याची नाणी म्हटलं की लोक लगेच 1977 चा सिल्व्हर ज्युबिली क्राउन दाखवतात, घोड्यावर बसलेली एलिझाबेथ, 38 मिमीचं भलंमोठं नाणं, पण कोट्यवधी पाडलेली आणि नेहमीची आवृत्ती चांदीची नाहीच, तांबं-निकेल, किंमत 25 पेन्स तीही नाण्यावर छापलेली नाही.

मॉन्डी मनी म्हणजे अगदी उलटं प्रकरण. 1, 2, 3, 4 पेन्सची चिमुकली नाणी, 92.5 टक्के चांदी, ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी राजा स्वतः वाटतो, प्रथा पार 1210 च्या किंग जॉनपर्यंत जाते. गंमत हिशोबात आहे बघा, राजाचं वय जेवढं तेवढे पेन्स पांढऱ्या थैलीत, आणि ती घेणारेही तेवढेच पुरुष नि तेवढ्याच बायका. 2023 ला यॉर्कमध्ये चार्ल्स 74 चे, म्हणजे 10 पेन्सचे (1+2+3+4) सात सेट आणि वर 4 पेन्स. शिवाय लाल थैली वेगळी, त्यात साधी नाणी. एलिझाबेथचा तर 1953 चा तरुण चेहराच शेवटपर्यंत या नाण्यांवर राहिला, बाकी नाण्यांवर ती म्हातारी होत गेली तरी.

दिसायला क्राउन भारी, मान्य, पण मला विचाराल तर मॉन्डीच. आणि हो, ज्युबिली क्राउन 'दुर्मिळ' म्हणून कोणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नका राव.