'पिंजरा' की 'संतोषी माँ'?
सत्तरच्या दशकातली उषा मंगेशकरांची दोन गाणी आमच्या खान्देशात अजून वाजतात. 'जय संतोषी माँ'मधलं (१९७५) 'मैं तो आरती उतारूँ रे' शुक्रवारी, गूळ-फुटाण्यांच्या प्रसादासोबत. सी. अर्जुन यांची चाल सोपी, कुणीही टाळ्या वाजवत म्हणावी अशी.

'पिंजरा'तली (१९७२) 'मला लागली कुणाची उचकी' मात्र नुसती गुणगुणून बघा, फजिती होते! जगदीश खेबुडकरांचे खट्याळ शब्द, राम कदमांचा ठसकेबाज ठेका आणि त्यावर लचकत जाणारा तो आवाज. हळदीला बँडवाल्यानं ती धरली, की भरीत-पुरीच्या पंगतीतल्या म्हाताऱ्याही माना डोलावतात. आरती मला तोंडपाठ आहे, पण माझं मत 'पिंजरा'लाच. (फक्त शुक्रवारी आईसमोर विचारू नका.)