चौथीची ‘मॅथ्स किट’: चकत्यांसाठी घ्या, तराजूसाठी नको

इंदूरला राजवाड्याजवळ खजूरी बाजारात वह्या-पुस्तकं घ्यायला गेलं की दुकानदार ‘मॅथ्स किट’ची प्लास्टिकची पेटी पुढे करतो. पेट्या वेगवेगळ्या नावांनी येतात, आतला माल बहुतेक सारखाच: अपूर्णांकांच्या चकत्या, खिळ्यांची पाटी म्हणजे जिओबोर्ड, एकक-दशकाचे ठोकळे आणि एक छोटा तराजू. मार्चमधली वार्षिक परीक्षा जवळ आली की चौथीत नेमका जड भाग समोर असतो: बाकी उरणारा भागाकार, अर्धा-पाव-पाऊण, वजन, परिमिती आणि क्षेत्रफळ. या भागासाठी पेटी घेण्याजोगी आहे, ती मुख्यतः चकत्यांमुळे. बाकीच्या सामानाला घरून जोड द्यावी लागते.

चकत्यांचा संच ५१ तुकड्यांचा आहे ना, ते मोजून घ्या. एक अखंड चकती आणि तेवढ्याच मापाच्या चकत्यांचे २, ३, ४, ५, ६, ८, १० आणि १२ समान भाग, असा तो हिशेब. स्वस्तातल्या संचांत ५, १० आणि १२ गाळलेले असतात. चौथीला तेही चालतील, पाचवीला कमी पडतील.

या वयातली सगळ्यात चिवट चूक म्हणजे ८ मोठा, म्हणून १/८ हा १/४ पेक्षा मोठा. फळ्यावर कितीही समजावलं तरी ती पुन्हा उगवते. चकत्या ती मोडतात, पण वापर नीट हवा. तुकड्यांवर आकडे छापलेले असतात, ती बाजू खाली करा. नाहीतर मूल तुकडा बघतच नाही, आकडा वाचून मोकळं होतं. आधी ‘कुठला मोठा?’ असं विचारा, उत्तर येऊ द्या, आणि मगच पाव तुकड्यावर १/८ चे तुकडे ठेवायला सांगा. दोन ठेवल्यावर पाव झाकला जातो. मग तीन पाव मांडून पाऊण, त्यावर १/८ चे सहा. हे सगळं मुलाच्याच हातांनी झालं पाहिजे. मोठ्यांनी मांडून दाखवलं की निम्मा उपयोग जातो.

दोष इथेही आहे. कडक प्लास्टिकच्या तुकड्यांच्या कडेला साच्याची बारीक कोर राहते. १/१२ चे बारा तुकडे जुळवताना ती कोर बारा वेळा साठत जाते आणि शेवटचा तुकडा वर उचलला जातो. मूल सरळ म्हणतं, बारा बारांश मिळून एक होत नाही! बारीक पॉलिश पेपरने कोर घासली की काम होतं. फोमच्या तुकड्यांना हा उपाय नाही, ते दाबून दाबून आकार सोडतात. म्हणून फोमचा संच घेऊ नये.

आणखी एक गोष्ट चकत्यांनी येत नाही: ‘१२ चा पाव किती?’ हा प्रश्न परीक्षेत हमखास असतो आणि त्यात गोल काहीच नसतं. त्यासाठी १२ चिंचोके आणि चार वाट्या घ्या. सारखे वाटा, एका वाटीत तीन आले तो पाव, तीन वाट्या मिळून नऊ म्हणजे पाऊण. घरात पावकी-पाऊणकी पाठ असलेले आजी-आजोबा असतील तर फारच छान, फक्त चिंचोके आधी, पाठांतर नंतर.

जिओबोर्डवर ५ × ५ खिळे असतात. मुलं खिळे मोजतात आणि बाजू ५ सांगतात. मोजायच्या असतात त्या खिळ्यांमधल्या जागा, त्या ४. पहिल्याच दिवशी त्या जागांवरून बोट फिरवून घ्या. दोन खिळ्यांमधला तिरका रबरबँडही मुलं एकच मोजतात, पण तो आडव्या-उभ्यापेक्षा लांब असतो. परिमिती तीच ठेवून क्षेत्रफळ कसं बदलतं, हा या पाटीवरचा सर्वांत मोलाचा प्रयोग: ३ × ३ आणि २ × ४, दोन्हींची परिमिती १२, क्षेत्रफळ मात्र ९ आणि ८. तिसरा आयत १ × ५ चा, क्षेत्रफळ फक्त ५. फरक डोळ्यांत भरतो तो त्यातच, आणि तोच या पाटीवर बसत नाही. तो एक सेंटिमीटर चौकटीच्या वहीत काढा.

ठोकळ्यांत सुटे एकक कमी, हे बहुतेक पेट्यांचं दुखणं. ७३ ÷ ४ घ्या. दशकाच्या सात कांड्या चौघांत वाटल्या, प्रत्येकाला एक, तीन उरल्या. त्या नोटेसारख्या मोडून बदल्यात ३० सुटे, आधीचे ३, एकूण ३३. प्रत्येकाला ८, बाकी १. उत्तर १८, बाकी १. पेटीत सुटे २० च असतील तर मुलाचं गणित मधेच अडतं, आणि कांडी मोडण्याची पायरीच तर मुलांना कळत नसते. किमान ४० सुटे पाहून घ्या किंवा राजमा वापरा, एक दाणा म्हणजे एक.

तराजू मात्र निराश करतो. मधला खुंटा घट्ट असतो, त्यामुळे थोड्या वजनाने दांडी हलतच नाही. दुकानातच तपासा: दोन्ही पारड्यांत सामान ठेवून दांडी समतोल करा, मग पारड्यांतलं सामान अदलाबदल करा. दांडी कलली तर तराजू खोटा. सोबतची वजनंही पारखता येतात. औषधाच्या दुकानातून बिनसुईची १० मिलीची सिरिंज आणा; १० मिली पाणी म्हणजे १० ग्रॅम. ग्रॅम-किलोचा अंदाज यायला किराण्याची अर्ध्या किलोची आणि एक किलोची बंद पाकिटं हातात तोलणं जास्त उपयोगी.

चकत्यांचा संच सुटा मिळत असेल तर तेवढाच घ्या, राजमा-चिंचोके घरात असतातच. पूर्ण पेटी घेतलीत तर जिओबोर्डचे रबरबँड मे महिन्याच्या आत काढून डब्यात थोडी टाल्कम पावडर टाकून ठेवा. इंदूरच्या उन्हाळ्यात ते खिळ्यांना चिकटतात आणि जूनमध्ये ताणले की तुटतात.