गियर पंप नऊ महिने वापरल्यावर: डिचोलीतल्या एका प्रेसचा अनुभव

आज सकाळी अवर मीटरने, म्हणजे पंप किती तास चालला ते मोजणाऱ्या मीटरने, ६४२ तास दाखवले. आमच्या हायड्रॉलिक प्रेसला, म्हणजे तेलाच्या दाबाने जोर देणाऱ्या यंत्राला, तेल पुरवणारा हा पंप डिसेंबरात बसवला. मध्ये उन्हाळा गेला, पावसाचे चार महिने संपत आले, चवथही झाली. आता त्याच्याविषयी खात्रीने लिहिता येईल.

आमचं वर्कशॉप गोव्यात, डिचोलीत. टिपरचे किंगपिन, पाट्यांचे बुश, लोडरच्या बकेटच्या पिना, कधी नदीवरून आलेलं बार्जच्या विंचचं बेअरिंग, अशी दाबून काढायची आणि दाबून बसवायची कामं असतात. त्यासाठी स्वतःच बांधलेला प्रेस आहे. सिलिंडर १५० मिमी बोअरचा (आतला व्यास), म्हणजे १६० बार दाबाला साधारण २८ टन जोर. ५ एचपीची, १४४० आरपीएमची मोटर, ४० लीटरची टाकी आणि ८ सीसीचा, म्हणजे एका फेऱ्यात ८ घन सेंमी तेल देणारा, गियर पंप. कंपनीचं नाव देत नाही, कारण या मापाचे ॲल्युमिनियम बॉडीचे पंप घडणीने एकमेकांच्या जवळचेच असतात आणि मला जे सांगायचंय ते सगळ्यांना लागू आहे. पंप किती वर्षं टिकेल हे त्याच्या पाटीवरून कळत नाही. ते त्याला तेल कसं मिळतं यावर ठरतं.

आधी जुन्या पंपाची गोष्ट सांगतो, कारण शिकलो ते तिथेच. तो सेकंडहँड पॉवर पॅकबरोबर (मोटर, टाकी आणि पंप एकत्र) आला होता. सकाळी प्रेस झकास चालायचा. दुपारी पत्रे तापले, दोन-तीन पिना काढून झाल्या, की लोड आल्यावर रॅम (सिलिंडरचा दांडा) निम्म्या वेगाने सरकायचा. मला वाटलं सिलिंडर पास होतोय, म्हणजे त्याच्या सीलमधून तेल आतल्या आत निसटतंय. सील बदलले, फरक शून्य. रिलीफ व्हॉल्व्ह (दाब ठरलेल्या हद्दीपुढे गेला की तेल टाकीत सोडणारा) खोलून साफ केला, तरी तेच. शेवटी एकदा पंपाच्या बॉडीवर हात ठेवला आणि झटक्यात काढून घेतला. टाकीपेक्षा पंप कितीतरी जास्त तापलेला होता. तेल बाहेर जायच्या ऐवजी आतल्या आत मागे फिरत होतं आणि मोटरची ताकद तिथेच उष्णता होऊन मुरत होती. तेल तापलं की पातळ, पातळ झालं की गळती जास्त, गळती वाढली की आणखी ताप. दुपारचं कोडं हेच होतं.

मग बादलीची चाचणी केली. डिलिव्हरी लाइनवर (पंपातून तेल बाहेर जायची वाट) रिलीफच्या पुढे नीडल व्हॉल्व्ह लावला, गेज १५० बारवर येईपर्यंत तो आवळला आणि १० लीटर तेल जमायला किती सेकंद लागतात ते मोजलं. नळी बादलीला पक्की बांधून, तोंड झाकून. अंदाजाने कोणी हे करू नये, दाबातलं तेल कातडीत घुसतं. तेल ३० अंशांवर असताना ७२ सेकंद लागले. ६० अंशांवर पूर्ण दोन मिनिटं. ८ सीसी गुणिले १४४० म्हणजे मिनिटाला साडेअकरा लीटर यायला हवेत, आणि येत होते पाच.

पंप खोलला तेव्हा टेबलावर वर्तमानपत्र पसरून आमच्या आयटीआयच्या मुलाला शेजारी बसवलं. आत दोनच गियर. एक मोटरने फिरतो, दुसरा त्याच्यामुळे. पुष्कळांना वाटतं तेल दोन गियरच्या मधून पुढे जातं. तसं नाही. सक्शनच्या, म्हणजे तेल आत येण्याच्या, बाजूला दात एकमेकांतून सुटतात, जागा मोकळी होते आणि तिथे तेल येतं. दातांच्या खाचांत बसून ते बॉडीच्या कडेकडेने फिरत पलीकडे जातं आणि तिथे दात पुन्हा गुंतले की बाहेर ढकललं जातं. मधला गुंतलेला भाग हा दरवाजा आहे, तेल मागे येऊ न देणारा.

व्हर्नियरने मापं घेतली. दात १०, रुंदी १४ मिमी, दोन शाफ्टमधलं अंतर ३० च्या जरासं वर, म्हणून मॉड्युल (दाताचं माप, गियरचा व्यास भागिले दात) ३ धरला. मॉड्युलचा वर्ग गुणिले दात गुणिले रुंदी गुणिले ६.२८, म्हणजे ७,९१३ घन मिमी. पाटी घासून गेली होती, पण पंप ८ सीसीचाच होता. मुलाने विचारलं, "दादा, दात इतके कमी का?" चांगला प्रश्न होता. तेवढ्याच व्यासात दात कमी केले की खाच मोठी होते आणि छोट्या पंपातून जास्त तेल निघतं. त्याची किंमतही असते. १० दात नेहमीच्या पद्धतीने कापले तर मुळाशी अंडरकट येतो, म्हणजे दात मुळाशी जास्त कापला जाऊन कमजोर होतो, म्हणून प्रोफाइल सरकवून कापावे लागतात. शिवाय तेल अखंड धारेने न येता ठोक्याठोक्याने येतं. १० दात, १४४० आरपीएम, म्हणजे सेकंदाला २४० ठोके. गियर पंपाची ती ओळखीची घरघर इथूनच येते.

बॉडी उलटी करून उजेडात धरली. सक्शनच्या बाजूला गियरने चंद्रकोरीसारखा पट्टा कोरला होता. असा पट्टा नव्या पंपातही पडतोच. डिलिव्हरीचा दाब दोन्ही गियरना सक्शनकडे रेटतो. या मापाच्या गियरवर १६० बारला अर्ध्या टनाहून जास्त जोर येतो. सुरुवातीच्या काही तासांत गियर ॲल्युमिनियम किंचित कापून आपली जागा करून घेतो आणि मग थांबतो. आमच्या पंपात मात्र पट्ट्याच्या कडेला नख अडकत होतं.

खरा घात बुशांनी केला होता. गियरच्या दोन्ही तोंडांना जे बेअरिंगचे ठोकळे टेकतात, त्यांच्या पाठीमागे इंग्रजी ३ च्या आकाराचा रबरी सील असतो. डिलिव्हरीचं तेल त्या सीलच्या आत शिरून ठोकळ्याला गियरवर दाबून धरतं. दाब जितका जास्त, तितकी फट कमी. मला या पंपातली ही सर्वांत सुंदर रचना वाटते. पण आमचा सील कडक होऊन चपटा झाला होता, दाब पाठीमागे टिकतच नव्हता. ठोकळ्याच्या चेहऱ्यावर गोल गोल चरे, आणि बोट फिरवलं की लालसर पूड. इकडची तांबडी धूळ आणि खनिजाची पूड पिनांबरोबर आत येते आणि तेलात मिसळली की पॉलिश पेपरसारखी घासते. फटीतून जाणारी गळती फटीच्या घनाच्या पटीत वाढते. फट दुप्पट, गळती आठपट. मग दोन मिनिटं लागली यात नवल काय!

नवा पंप बसवला आणि तीच बादली. ३० अंशांना ५५ सेकंद, ६० अंशांना ५८. म्हणजे गार असताना ९५ टक्क्यांच्या जवळ, गरम असताना ९० टक्के. इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. दाब नसताना मोटर १४९० च्या आसपास फिरते, लोड आला की १४४० वर येते. तेवढा फरक मोटरचा आहे, तो पंपाच्या माथी मारू नये.

तरी पहिल्या आठवड्यात मी खूश नव्हतो. पंप खडे भरडल्यासारखा आवाज करायचा, विशेषतः सकाळी. दुकानदाराला फोन करणार होतो, मग आधी स्वतःचं सक्शन पाहिलं. जुनाच अर्धा इंची होज ठेवला होता. त्यातून तेलाचा वेग सेकंदाला दीड मीटर पडतो. सक्शनला एक मीटरच्या आत हवा. पाऊण इंची होज टाकल्यावर तो ०.६७ वर आला. एक नव्वद अंशाचा एल्बो काढला, स्ट्रेनर (सक्शनची जाळी) धुतला आणि आवाज त्याच दिवशी गेला. पंप तेल ओढून घेतो असं आपण म्हणतो, पण त्याला फार ओढता येत नाही. हवेचा दाब तेल आत ढकलतो आणि ती ताकद जेमतेम एक बारची. वाट अरुंद केली की तेलात पोकळ बुडबुडे होतात आणि दाबाच्या बाजूला ते फुटून धातू खरवडतात. हा आवाज येणारा पंप कुणी चालवत ठेवू नये, एक दिवससुद्धा.

उन्हाळ्यात शिकलो ते उष्णतेचं. मुलं रॅम पिनवर टेकवून लिव्हर तशीच धरून ठेवायची, सगळं तेल रिलीफवरून टाकीत. १६० बारला ही जवळपास पावणेतीन किलोवॅट उष्णता झाली. ४० लीटर तेल दहा मिनिटांत २५ अंशांनी वर जातं. ६८ ग्रेडचं तेल ६० अंशांवर ४० अंशांच्या मानाने निम्म्याहून पातळ होतं. आता लिव्हर सोडली की तेल बिनदाबाने टाकीत परतेल असा व्हॉल्व्ह बसवला आहे आणि मे महिन्यातही काटा ५८ च्या वर गेला नाही.

पावसाने मात्र खरी परीक्षा घेतली. रॅम खाली-वर झाला की रॉडच्या घनफळाएवढी हवा टाकी आत-बाहेर घेते, आमच्याकडे प्रत्येक फेरीला सव्वा लीटर. जुलैतली हवा म्हणजे अर्धं पाणीच. रात्री टाकी गार झाली की झाकणाच्या आतल्या बाजूला थेंब. एका सकाळी साइट ग्लासमध्ये तेल ताकासारखं दिसलं. मोटर चालू न करता टाकीच्या तळाचा प्लग ढिला केला. आधी नितळ पाणी आलं, पाव लीटरच्या आसपास, मग पांढुरकं, मग तेल. सगळं तेल बदललं. ब्रीदरच्या (टाकीत हवा आत-बाहेर जायची वाट) जागी ट्रान्सफॉर्मरला असतो तसा सिलिका जेलचा ब्रीदर लावला. निळे दाणे गुलाबी झाले की भाजून परत भरायचे. आता पावसाळ्यात दर सोमवारी काम सुरू करण्यापूर्वी प्लग सैल करून बघतो.

ऑगस्टमध्ये एक नुकसान झालं ते आमच्या हलगर्जीमुळे. स्टार्टर बदलताना दोन वायरींची अदलाबदल झाली आणि मोटर उलटी फिरली. दोन-तीन सेकंदच, पण शाफ्टचा ऑइल सील बाहेर आला आणि तेल जमिनीवर. या पंपात सीलची जागा आतून सक्शनला जोडलेली असते. उलटं फिरवलं की सक्शन होतं डिलिव्हरी आणि सगळा दाब त्या पातळ ओठावर. फेजचा क्रम पाहणारा रिले आता पॅनेलमध्ये आहे.

या पंपाविषयी तक्रार आवाजाची. बंद शेडमध्ये दिवसभर २४० ठोक्यांची घरघर डोक्यात राहते; तिरप्या दातांचा किंवा आतल्या गियरचा पंप शांत असतो, पण महाग. दुसरं, तेल कमी-जास्त करता येत नाही, जेवढे फेरे तेवढं तेल. पिस्टन पंपाला ते जमतं, पण तो आमच्या तांबड्या धुळीत माझ्या हाताखाली टिकेल असं मला वाटत नाही. गियर पंप थोडी घाण सोसतो, म्हणून वर्कशॉपला आणि टिपरला तोच बरा. त्याच्या शाफ्टवर मात्र पुली लावून बेल्टने चालवू नका. बाजूचा ओढ त्याची बुशं सोसत नाहीत. मोटर आणि पंप सरळ रेषेत जोडणारं बेलहाउसिंग आणि स्पायडर कपलिंगच हवं.

गेल्या आठवड्यात पुन्हा बादली लावली. ६० अंशांना ६१ सेकंद, म्हणजे ८५ टक्के. नऊ महिन्यांत तीन सेकंद गेले आणि त्यातले काही त्या पाणी मिसळलेल्या दिवसांनी खाल्ले असावेत. बुश-सीलचा किट आणून कपाटात ठेवला आहे. पुढची बादली डिसेंबरात. आकडा ६५ च्या पुढे गेला तर ठोकळे आणि सील बदलायचे, बॉडी तशीच ठेवायची.