फुकटात भूकंपाचा सर्व्हे: अलास्काची ‘व्हर्टेक्स’ सेवा

रेटिंग आधीच देऊन टाकतो. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटासाठी पाचपैकी पाच तारे, आमच्या पाटण तालुक्यासाठी दोन. सेवा तीच, गणित तेच. फरक जमिनीचा.

माझं पोट सर्व्हेवर चालतं. ऑटो लेव्हल, स्टाफ, टोटल स्टेशन आणि डोक्यावर ऊन. आकाशातून जमिनीची हालचाल सेंटिमीटरमध्ये मोजतात असं ऐकल्यावर पहिला प्रश्न हाच पडला, की क्लोजिंग एरर (मोजणी फिरून सुरुवातीच्या बिंदूवर आणली की उरणारी चूक) किती? त्यापायी अलास्का सॅटेलाइट फॅसिलिटीचं ‘व्हर्टेक्स’ हे संकेतस्थळ उघडलं. फेअरबँक्सच्या अलास्का विद्यापीठात असलेलं हे नासाचं रडार-डेटा केंद्र. नासाचं अर्थडेटा खातं काढायचं (पैसे लागत नाहीत), की युरोपच्या सेंटिनेल-1 या रडार उपग्रहांनी 2014 पासून टिपलेली चित्रं समोर हजर.

खरी मजा ‘ऑन डिमांड’मध्ये आहे. भूकंपाआधीचं एक चित्र आणि नंतरचं एक, दोन्ही एकाच कक्षेतून घेतलेली, अशी जोडी निवडून द्यायची. दोन्हींच्या फरकावरून जमीन किती हलली याची आकडेमोड त्यांचे संगणक करतात, तीही ‘गॅमा’ या स्विस व्यावसायिक सॉफ्टवेअरवर. एकेक मूळ चित्र चार-पाच जीबीचं असतं, ते उतरवून घ्यायची गरजच पडत नाही. तयार नकाशा तेवढा घ्यायचा आणि क्यूजीआयएस या नकाशांच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये उघडायचा. महिन्याला ठरावीक क्रेडिट मिळतात. हौशी माणसाच्या हातून ती संपणं कठीण.

नवख्याने सुरुवात कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातल्या रिजक्रेस्टपासून करावी. 4 जुलै 2019 ला सकाळी साडेदहाच्या सुमारास तिथे 6.4 चा धक्का बसला, दुसऱ्या दिवशी रात्री 7.1 चा. सेंटिनेल त्याच सकाळी, पहिल्या धक्क्याच्या काही तास आधी, वरून गेला होता आणि 16 जुलैला पुन्हा त्याच वाटेने आला. ठरवूनसुद्धा इतकी चोख जोडी जमली नसती.

या रडारच्या लहरीची लांबी साधारण 5.6 सेंटिमीटर. लहर जाते आणि परत येते, म्हणून जमीन उपग्रहापासून 2.8 सेंटिमीटर लांब गेली किंवा जवळ आली की नकाशावर रंगांचा एक फेरा, म्हणजे एक पट्टा, पुरा होतो. दहा पट्टे मोजले की 28 सेंटिमीटर. ज्याने आयुष्यभर कंटूर (समान उंचीच्या रेषा) वाचले त्याला वेगळं शिकवायला नको. रिजक्रेस्टच्या चित्रात वायव्येकडून आग्नेयेकडे गेलेली सुमारे 50 किलोमीटरची भेग आणि तिला जवळजवळ काटकोनात असलेली 6.4 ची आखूड भेग, दोन्ही स्वच्छ कळतात. लेव्हलिंगच्या पार्ट्या लावून एवढा मुलूख मोजायचा म्हटलं तर किती हंगाम जातील, याचा हिशेब मी मनातल्या मनात केला आणि गप्प बसलो.

भेगेला अगदी लागून मात्र नुसता कचरा दिसतो. तिथे जमीन काही ठिकाणी चार मीटरच्या आसपास सरकली आहे. एका पिक्सेलच्या आत पट्ट्यावर पट्टा चढला की मोजणी संपली. म्हणजे सगळ्यात जास्त हललेली जागा नेमकी निसटते, आणि तिथे माणसांना पायी जाऊनच मापं घ्यावी लागली. हे वाचून आमच्या धंद्याला जरा बरं वाटलं.

आता क्लोजिंग एरर. इथली सगळी मापं एका संदर्भबिंदूपासून सापेक्ष असतात, आणि तो बिंदू सॉफ्टवेअर आपणहून निवडतं. तो हललेल्या पट्ट्यात पडला तर अख्खा नकाशा तेवढ्याने वरखाली होतो. बीएम (बेंचमार्क, म्हणजे हा संदर्भबिंदू) कुठे धरला हे आधी बघा, मग आकड्यांकडे वळा. दुसरं, रडार तिरकं बघतं. जमीन वर उचलली की बाजूला सरकली, हे एका जोडीतून कळत नाही. उपग्रह उत्तरेकडे जाताना आणि दक्षिणेकडे येताना अशा दोन्ही दिशांच्या जोड्या लागतात, आणि उत्तर-दक्षिण हालचाल तर जवळजवळ दिसतच नाही. ‘उभं विस्थापन’ नावाची एक फाइल मागवता येते. ती सगळी हालचाल उभीच आहे असं धरून केलेली असते. रिजक्रेस्टसारख्या आडव्या सरकणीत ती उघडूच नये. हवेतल्या बाष्पामुळे लहर रेंगाळते, ती चूकही वजा करून मिळत नाही.

मग आमच्या तालुक्यातली कोयना. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटेचा 6.3 चा भूकंप आमच्या घरात अजून सांगितला जातो, पण तेव्हा वर असलं रडार नव्हतं. हल्लीची चित्रं घ्यावीत, तर पावसाळ्याच्या जोडीत कोहिरन्सचा (दोन चित्रं एकमेकांशी किती जुळतात त्याचा) नकाशा जवळपास काळाच येतो. ही आखूड लहर पानांवरूनच परतते, आणि बारा दिवसांनी ती पानं, ते गवत पहिल्यासारखं थोडंच असतं? फेब्रुवारी-मार्चची जोडी घेतली तर कोरडे सडे आणि गावठाणं उजळतात, दऱ्या अंधारातच. शिवाय इथले नेहमीचे तीन-चारचे धक्के जमिनीला इतकं थोडं सरकवतात, की पट्टा उमटायची आशाच नको. पाटणचे तीन तारे गेले ते इथे.

30 जुलै 2025 ला श्रीहरिकोट्याहून गेलेल्या निसार या नासा-इस्रोच्या रडार उपग्रहाकडून माझी अपेक्षा आहे. त्याच्या ‘एल-बँड’ म्हणतात त्या लांब रडार लहरीची लांबी 24 सेंटिमीटर, ती पानांतून बरीच आत शिरते. पट्टा त्यामुळे 12 सेंटिमीटरचा होतो, बारकावा थोडा कमी, पण झाडीत काही दिसेल तरी. नासाकडचा त्याचा डेटाही याच केंद्रातून मिळतो. पाटणचे तारे तेव्हा पुन्हा मोजू.

वापरणार असाल तर तयार फाइल 14 दिवसांत उतरवून घ्या, नंतर ती काढून टाकतात. विस्थापनाचा नकाशा हवा असेल तर मागणी नोंदवतानाच तो पर्याय निवडा. आणि फेजचा (लहरीच्या टप्प्यातल्या फरकाचा) नकाशा व विस्थापनाचा नकाशा यांची अधिक-उणे चिन्हं एकमेकांच्या उलट असतात. विस्थापनात अधिक म्हणजे जमीन उपग्रहाकडे आली.